लाकडी कुंडी आणि खालच्या मजल्याचा हक्क

पावसाळा तोंडावर आला की आमच्या बाल्कनीत एक काम ठरलेले असते. झाडांच्या लाकडी पेट्यांखाली बॅटरी लावून पाहायचे, तळाचे लाकूड हाताने चाचपायचे, वरून बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडते ते बघायचे. मग आमच्यापैकी एक जण जिना उतरून खालच्या मजल्यावर जातो. तिथे खाला राहतात. त्यांच्या बाल्कनीच्या छताकडे मान वर करून पाहायचे, चहा प्यायचा आणि परत यायचे. हे चौथे वर्ष. ही तपासणी आम्ही का करतो ते आधी सांगतो, कारण लाकडी कुंडी कशी बनवावी याचा निम्मा धडा त्यातच आहे.

आम्ही मुंब्र्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलांना मातीत हात घालायला मिळावा आणि रमजानमध्ये पुदिना-सब्जा घरचा असावा, म्हणून पहिली पेटी आम्ही हौसेने घरीच ठोकली. कारखान्यातून फुकट मिळालेल्या पॅलेटच्या फळ्या, वाण्याकडचे चार खिळे आणि आतून एक जाड प्लास्टिकची पिशवी. भोके पाडली तर लाकूड भिजेल, म्हणून भोकेच ठेवली नाहीत. जुलैमध्ये पेटीचा टब झाला आणि पुदिना मुळासकट सडला. तेव्हा घाईघाईने स्क्रू-ड्रायव्हर खुपसून तळाला पाच भोके पाडली. पाणी निघून गेले आणि आम्ही निश्चिंत झालो. ते कुठे गेले, हा प्रश्न मनात आला नाही.

पाऊस संपल्यावर पेटी सरकवायला गेलो, तर बाजूच्या फळ्या हातात आल्या आणि तळ जमिनीलाच चिकटून राहिला. प्लास्टिक आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी शिरून चार महिने तिथेच कोंडले होते. पेटी सरळ फरशीवर टेकलेली असल्याने खालून वाराही लागला नव्हता. त्याच आठवड्यात खालांची नात बिर्याणीचा रिकामा डबा परत द्यायला आली आणि निरागसपणे म्हणाली, "दादीने विचारलंय, आता कपड्यांची दोरी पुन्हा बाल्कनीत बांधली तर चालेल का?"

आम्ही खाली गेलो. छताला कडेने तपकिरी ओघळ आले होते, एका जागी प्लॅस्टर फुगले होते. धुऊन वाळत घातलेल्या जानमाजवर मातीचे पाणी ठिबकून डाग पडला होता. तो निघाला नाही म्हणून खालांनी ती घडी घालून कपाटात ठेवली होती. सगळा पावसाळा त्यांनी कपडे आतल्या खोलीत, पंख्याखाली वाळवले.

"खाला, एकदा वर येऊन सांगायचं तरी!"

"काय सांगणार? मुलं रोज झाडांशी बोलताना ऐकू यायची. म्हटलं, पाऊस काय, जाईल."

कुणी लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या खात्यात सदका म्हणून जमा होते, या आशयाची हदीस आम्ही पेटी ठोकताना मुलांना ऐकवली होती. शेजाऱ्याच्या बाबतीत जिब्रील (अ.) इतकी ताकीद करीत राहिले की शेजाऱ्याला वारसाहक्कही दिला जाईल असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना वाटू लागले, ही हदीसही आम्हाला ठाऊक होती. दोन्ही हदीसा एकाच बाल्कनीला लागू होतात, एवढे मात्र सुचले नव्हते.

खालांच्या छताची दुरुस्ती आम्ही करून दिली. फुगलेले प्लॅस्टर काढून आतली सळई गंजलेली नाही याची गवंड्याकडून खात्री करून घेतली. त्यानंतर नवी पेटी बनवायची की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी बनवायचे ठरले, पण या वेळी पाण्याचा हिशेब आधी आणि फळ्या नंतर.

आधी वजन

आमची नवी पेटी ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट खोल आहे. फळ्यांची जाडी आणि वरचा मोकळा इंच वजा केला तर आत सुमारे ६५ लिटर माती बसते. हलके मिश्रण भिजल्यावर त्याचे वजन ८० किलोंच्या घरात जाते आणि लाकूड धरून पेटी शंभरीला टेकते. नुसती माती भरली तर त्याहून जास्त. म्हणजे अशा तीन पेट्या ठेवणे म्हणजे तीन-चार मोठी माणसे बाल्कनीत रात्रंदिवस उभी ठेवणे.

निवासी इमारतीतील बाल्कनीने दर चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो, भार पेलावा असे आयएस ८७५ हे भारतीय मानक सांगते. पण त्यात माणसे, वाळत घातलेले कपडे, वॉशिंग मशीन असे सगळेच आले. जुन्या किंवा गळक्या इमारतीत तर कागदावरच्या आकड्यावर विसंबू नये. पेटी कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीला लागून ठेवा, कारण बाहेर झुकलेल्या बाल्कनीला टोकाकडचे वजन सर्वांत जड जाते. खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलवर अशी पेटी कधीही ठेवू नका. छताला भेगा असतील, सळई दिसत असेल, तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये. तिथे दोन लहान प्लास्टिकच्या कुंड्या पुरेत.

लाकूड कोणते

पॅलेट वापरायचेच असेल तर त्यावरचा शिक्का वाचा. गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि त्याशेजारी 'एचटी' ही अक्षरे असतील, तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते खाण्याच्या भाजीसाठी घेऊ नये. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील, तरीही नको. शिवाय पॅलेट बहुधा पाइनचे असते आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसात ते फार तग धरत नाही.

आम्ही या वेळी जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो आणि पाडकामातले सागवान घेतले. जुने सागवान चांगले मुरलेले असते, नव्या फळीसारखे वाकत-पिळवटत नाही. निवडताना रंग पाहा. गाभ्याचे लाकूड तांबूस-तपकिरी असते आणि तेच टिकते. सालीकडचा पांढुरका भाग वाळवी आधी खाते. रंग दिलेल्या दारा-खिडक्या मात्र टाळा. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगात शिसे बरेच असू शकते. असा रंग घरात घासला तर त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते.

प्लायवूडचा मोह आम्हालाही झाला होता. साधा 'एमआर' प्लाय ओल्या मातीत पापुद्रे सोडतो. घ्यायचाच तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या आणि त्याच्या कापलेल्या कडा नीट बंद करा.

जोडणी

पेटीच्या चार कोपऱ्यांत आतून दीड इंची चौकोनी रिपा उभ्या बसवा आणि त्या तळाच्या खाली ३ इंच सोडा. तेच पेटीचे पाय. तळाखालून वारा खेळला तर लाकूड वाळते, आणि केरसुणीही फिरते. पाऊण इंच जाडीच्या, ६ इंच रुंदीच्या दोन-दोन फळ्या एकावर एक ठेवून बाजू तयार करा. लांब बाजूंना आतून तळाशी आडवी रिप मारा आणि त्यावर तळाच्या फळ्या आडव्या टाका. दोन फळ्यांमध्ये काडीपेटीच्या दोन काड्या मावतील एवढी फट ठेवा, कारण पावसात लाकूड फुगते आणि जागा नसली तर बाजू ढकलते. पेटी ३ फुटांहून लांब करणार असाल तर मध्यावर एक आडवी पट्टी द्या. ओली माती बाजू बाहेर ढकलून पोट काढते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्या. लोखंडी खिळा गंजतो आणि सागवानावर काळा डाग सोडतो. आधी बारीक ड्रिलने भोक पाडून मग स्क्रू पिळला तर फळी चिरत नाही. सगळे आवळण्यापूर्वी पेटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. हे काम आमच्या मुलीने केले आणि दोन वेळा आमची चूक पकडली.

बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. एक इशारा: तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका. गावाकडे कुंपणाच्या खांबांना गाडीचे जुने काळे तेल लावतात, ते इथे अजिबात नको. त्यातली घाण मातीत आणि मातीतून भाजीत उतरते.

अस्तर

पहिली पेटी इथेच फसली होती. अस्तराने लाकूड कोरडे राहिले पाहिजे आणि माती कोंडता कामा नये. पाणी अस्तराच्या आत पडावे आणि एकाच वाटेने बाहेर जावे. त्याच्या मागे ते कधीही शिरू नये.

अस्तरासाठी आम्ही शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा काळा कागद वापरला. शेतीसामानाच्या दुकानात त्याचे उरलेले तुकडे मिळू शकतात. आमच्या मापाच्या पेटीला साडेपाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा एक सलग तुकडा पुरतो. कागद ताठ असतो, म्हणून अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ पडतो. कोपरे कापू नका. शाळेच्या वहीला कव्हर घालताना दुमडतो तसे दुमडा. कापलेला कोपरा कितीही चिकटवला तरी तिथून पाणी झिरपते.

दुसरा नियम: मातीच्या पातळीखाली अस्तराला एकही टाचणी मारायची नाही. कागद वरच्या काठावरून बाहेर दुमडून घ्या, तिथेच टाचा आणि त्यावर दीड-दोन इंची लाकडी पट्टी स्क्रूने बसवा. पट्टी बाहेरच्या बाजूला अर्धा इंच पुढे काढा, म्हणजे पावसाचे थेंब फळीवरून न ओघळता सुटे खाली पडतात. आमच्या पहिल्या पेटीत कागद काठाच्या आतच संपला होता. प्रत्येक सरीचे पाणी त्याच्या पाठीमागे उतरत होते.

आता पाण्याची वाट. तळाला पाच-सहा भोके पाडली तर पाणी सगळीकडे सांडते. त्याऐवजी तळाच्या एका टोकाला पाऊण इंची एकच भोक पाडा आणि त्यात प्लंबिंगच्या दुकानात मिळते ते टँक निपल बसवा. पाण्याच्या टाकीला पाइप जोडायला वापरतात तेच. रबरी वायसर कागदाच्या दोन्ही बाजूंना येईल असे बसवून हाताने घट्ट करा आणि वर पाव फेरा पान्याने द्या. खालून एल्बो आणि पाइप लावून पाणी बाल्कनीच्या जाळीपर्यंत न्या. दुसऱ्या टोकाच्या पायांखाली अर्ध्या इंचाची चकती ठेवली की उतार मिळतो.

माती भरण्याआधी परीक्षा घ्या. पाइपचे तोंड बंद करून पेटीत चार बोटे पाणी भरा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि रात्रभर सोडा. फजरला उठल्यावर कागद कोरडा असेल तर काम झाले. आमचा पहिल्या खेपेला ओला निघाला, वायसर तिरका बसला होता. तो ओला कागद खालांच्या छतापेक्षा कितीतरी स्वस्त पडला.

खडी किती, माती कशी

तळाशी चार इंच खडी घातली की निचरा चांगला होतो, असे सर्रास सांगितले जाते. तसे होत नाही. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. माती याच स्पंजासारखी आहे. तिच्या खालच्या काही इंचांत पाणी धरून राहतेच. खाली खडी असली तरी ते पाणी मातीतच थांबते, खडीत सहज उतरत नाही. जाड खडीने मातीची खोली कमी होते, ओला थर मुळांच्या जवळ येतो आणि वजन वाढते ते वेगळेच. म्हणून आम्ही फक्त बोटभर जाडीचा खडीचा थर देतो. पाणी निपलपर्यंत आडवे वाहत जावे, एवढाच त्याचा उपयोग. त्यावर हिरव्या शेडनेटचा दुहेरी तुकडा टाकतो, म्हणजे माती खाली उतरून वाट बुजवत नाही.

मातीसाठी लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट समसमान. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात. काठापासून एक इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर जोराच्या सरीत माती उडून बाहेर पडते.

पाणी देण्याआधी बोट दोन पेरे मातीत घाला. ओले लागले तर देऊ नका. वुजूसाठी आम्ही बेसिनखाली टब ठेवतो, त्या पाण्यात साबण नसतो आणि झाडांना ते चालते. प्रेषित (स.) साधारण ओंजळभराच्या मापात, एका मुद्द पाण्यात, वुजू करीत. आमच्या टबात रोज किती जमते ते पाहून मुलांनी नळ बारीक सोडायला सुरुवात केली.

पाइपऐवजी पेटीखाली ट्रे ठेवणार असाल, तर तो आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामा करून कोरडा पुसा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तो डासही शेजाऱ्याकडे जातोच.

काय लावले

पुदिना स्वतंत्र पेटीत. त्याचे धावते कोंब इतरांना जागा उरू देत नाहीत. दुसऱ्या पेटीत दोन मिरच्या, मध्ये सब्जा आणि कडेला गवती चहा. सब्जा ही रैहानच्याच कुळातली वनस्पती, आणि रैहानचा उल्लेख सूरह रहमानमध्ये आहे. मुलांना हे सांगितल्यापासून त्याला पाणी कोणी घालायचे यावरून भांडण होते. सब्जाचे तुरे वाळले की बी चोळून काढायचे आणि रमजानच्या शरबतासाठी बरणीत भरायचे. कोथिंबीर आम्ही भर पावसात लावत नाही, ती कुजते. ऑक्टोबरपासून छान येते.

खालांची दोरी पुन्हा बाल्कनीत आली आहे. त्यांच्यासाठी आम्ही नवी जानमाज नेली, ती त्यांनी घेतली, पण नमाज अजून जुन्या डागाच्याच जानमाजवर पढतात. ती त्यांच्या मरहूम शौहरनी हजहून आणली होती, हे आम्हाला नंतर कळले. याची भरपाई कोणत्याही वखारीत मिळत नाही.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधी पुदिन्याची पहिली जुडी आता खाली जाते. खाला चटणी वाटतात आणि निम्मी वाटी वर पाठवतात.

यंदा तुम्ही पेटी करणार असाल किंवा तुमच्या बाल्कनीत आधीच कुंड्यांची रांग असेल, तर पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर एकदा जिना उतरा. खालचे दार वाजवा आणि विचारा, "आमचं पाणी तुमच्याकडे येतं का?" खालून कोणी सांगायला येण्याची वाट पाहू नका. आमच्याकडे चार महिने कोणी आले नव्हते.

पुढच्या अंकात इन्शाअल्लाह मिरचीवरच्या बोकड्याचा बंदोबस्त, घरातल्याच वस्तूंनी.